शेवटची पंगत

मैत्रिणींनो, २०२० सालचा आमचा पुण्यातला नाताळ. दीर-नणंदा सहकुटुंब जेवायला येणार म्हणून करंज्या-शंकरपाळ्यांचे डबे भरून ठेवलेले! आणि कोरोनामुळे २२ डिसेंबरपासून रात्री ११ ते सकाळी ६ संचारबंदी. मध्यरात्रीची उपासना नाही, पाहुण्यांचंही रद्द. मी अगदी रडकुंडीला आले.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, बाळ येशू तर गोठ्यात जन्मला. आपलं घर काय वाईट?" त्यांनीच लूकचा दुसरा अध्याय वाचला. मग आम्ही चौघं एकदमच जेवायला बसलो. तेव्हा लक्षात आलं, माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण नाताळात सासूबाईंना गरम जेवताना मी कधी पाहिलंच नव्हतं!

आता पाहुणे पुन्हा येतात. मी एक पदार्थ कमी करते, पण आम्ही दोघी पहिल्या पंगतीलाच बसतो. तुमच्याकडे शेवटी कोण जेवतं, बघा बरं!