मिझलतंय

इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या पठारावर प्रिन्सटाउन नावाचं गाव आहे. नेपोलियनच्या युद्धातले कैदी ठेवायला १८०९ साली उघडलेला तुरुंग ही त्याची ख्याती. गाव समुद्रसपाटीपासून चारशे मीटरांहून उंच, त्यात अटलांटिकवरून येणारा दमट नैर्ऋत्य वारा. वारा चढण चढता चढता गारठतो आणि ढग थेट गवतावर येऊन टेकतो. मग जे काही सुरू होतं त्याला डेव्हन-कॉर्नवॉलकडची माणसं पाऊस म्हणत नाहीत. त्यांच्याकडे त्यासाठी 'मिझल' असं वेगळं क्रियापद आहे. पुस्तकातून इंग्रजी शिकलेल्या आपल्यासारख्यांच्या वाट्याला ते सहसा येत नाही.

भाची प्लिमथला असते. तिच्याबरोबर प्रिन्सटाउनला गेले तेव्हा मी सवयीने छत्री उघडली, आणि ती हसली. छत्री वरून येणाऱ्याला अडवते. हे बाजूने, खालून, कुठूनही येत होतं. डबक्यात एक वर्तुळ उठत नव्हतं, तरी रस्ता ओलाकंच. स्वेटरच्या लोकरीवर, केसाकेसाच्या टोकाला, बारीक रव्याएवढे कण बसलेले. झटकले की जात. तासाभराने मात्र बाही पिळावी लागली.

हवामानशास्त्र अर्ध्या मिलिमीटरहून बारीक थेंबांना पावसापासून वेगळं काढतं, ते उगाच नाही. ०.२ मिलिमीटरचा थेंब सेकंदाला मीटरभरही खाली येत नाही. वळवाचा टपोरा थेंब तेवढ्यात आठ-नऊ मीटर गाठतो. एवढ्या संथ थेंबाला वारा नेईल तिकडे जावं लागतं. त्याला 'पडला' म्हणणं म्हणजे जरा अतीच.

मिस्ट आणि ड्रिझल यांच्या जोडणीतून मिझल झाला, असं इंग्रज हौसेने सांगतात. पण मिझल पंधराव्या शतकापासून सापडतो आणि ड्रिझल सोळाव्यात. नातू आजोबांना जन्म कसा देणार? त्याचे खरे भाऊबंद डच आणि उत्तर जर्मनीच्या बोलींत आहेत. कवी एडमंड स्पेन्सरच्या १५७९ सालच्या 'द शेफर्ड्स कॅलेंडर'मध्ये, नोव्हेंबरच्या भागात, मेंढपाळ मिझल सुरू झालेला पाहून घराकडे वळतात. पुढे अठराव्या शतकात याच रूपाचा आणखी एक शब्द बाजारबोलीत आला. त्याचा अर्थ पोबारा करणे. दोघांचं नातं सिद्ध नाही, पण मला ते आवडतं.

आपल्याकडे पाऊस पडतो, येतो, लागतो, झोडपतो, कर्ता तोच. 'भुरभुरतंय' म्हणतानाही मनात पाऊस असतोच. याउलट उजाडतं, सांजावतं, मळमळतं, यांना कर्ता नाही. व्याकरणात त्यांना भावकर्तृक म्हणतात. कुणी काही करत नाही, नुसतं होतं. मिझलची खरी जागा मला या पंगतीत वाटते.

भाचीने ती केव्हाच देऊन टाकली आहे. परवा फोनवर आईला म्हणाली, "सकाळपासून मिझलतंय गं."

पलीकडून विचारणा झाली, "डॉक्टरला दाखवलंस का?"