आरती, मोह आणि कायदा

नंदुरबार

चि. भाचीस,

धर्माचा राज्यकारभारावर किती प्रभाव असावा, हा तुझ्या पत्रातला प्रश्न अभ्यासाच्या पुस्तकांत बहुधा निवडणुका आणि प्रार्थनास्थळे यांच्या अंगाने चर्चिला जातो. परंतु नंदुरबार जिल्ह्यापुरते पाहिले, तर त्याचे सर्वांत बोलके उत्तर दारूविषयक धोरणाच्या इतिहासात सापडते.

सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या भिल्ल, पावरा, मावची आदी समाजांत मोहाच्या फुलांची दारू ही देवाला आणि पूर्वजांना अर्पण करण्याची वस्तू होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने (अबकारी म्हणजे मादक पदार्थांवरील कर) घरगुती गाळपावर बंधने आणली आणि मद्यनिर्मिती मक्तेदारांच्या हाती एकवटली. त्यामुळे जी वस्तू पूजेची होती, तीच सरकारी महसुलाची आणि आदिवासी कुटुंबाच्या कर्जबाजारीपणाची बाब बनली.

या परिस्थितीला पहिले मोठे उत्तर धर्मानेच दिले. तळोदा तालुक्यातील मोरवड येथील गुलाम महाराजांनी १९३० च्या दशकात सामुदायिक आरतीची चळवळ उभारली, दारू सोडण्याचा आणि स्वच्छ राहणीचा उपदेश केला, आणि ‘आप’ या आदरार्थी संबोधनातून एकमेकांना मान देण्याची शिकवण रुजवली. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर बंधू रामदास महाराजांनी हे कार्य पुढे नेले. मात्र आरतीसाठी जमणाऱ्या हजारोंच्या समुदायाची शासनाला धास्ती वाटली आणि रामदास महाराजांना हद्दपारी भोगावी लागली. तेथे जमणारे लोक सत्ता मागत नव्हते. तरीही ज्यांना कोणी माणूस म्हणून मोजत नव्हते, त्यांनी स्वतःच्या जगण्याचा नियम स्वतः ठरवणे, हीच मोठी राजकीय घटना होती.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ ने दारूबंदीला धोरणाचे मार्गदर्शक तत्त्व मानले, आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने तिला दंडाचे बळ दिले. आरतीतला संयम आणि कायद्यातला निर्बंध वरकरणी एकच दिसत असले, तरी पहिला माणसाचा मान वाढवतो, तर दुसरा पोलिसांच्या हाती गेला की गरिबालाच आरोपी करतो. शिवाय याच समाजांतील असंख्य कुटुंबे देवमोगरा मातेला, म्हणजे याहामोगीला, आजही मोहाच्या दारूची धार अर्पण करतात. त्यांची श्रद्धा गुलाम महाराजांच्या अनुयायांच्या श्रद्धेहून कमी प्रतीची मानण्याचा अधिकार शासनाला नाही.

म्हणूनच १९९६ चा पेसा कायदा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांना पंचायत राज व्यवस्था लागू करणारा कायदा, येथे मोलाचा ठरतो. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे संपूर्ण तालुके अशा क्षेत्रात येतात. हा कायदा ग्रामसभेला रूढी-परंपरा जपण्यास सक्षम मानतो, आणि मादक पदार्थांवर बंदी वा नियमन करण्याचे अधिकार ग्रामसभा व पंचायतींना मिळावेत, अशी तरतूदही करतो. धार अर्पण करणारे आणि दारू वर्ज्य मानणारे शेजारी तेथे एकाच सतरंजीवर बसतात, आणि नवऱ्याच्या व्यसनाने पोळलेल्या बाईलाही तेथे तितकाच हक्क असतो.

तेव्हा धर्माला राजकारणातून हद्दपार करावे की गादीवर बसवावे, असा प्रश्नच मुळात अपुरा आहे. श्रद्धेने माणसाला बळ द्यावे, पण तिने शेजाऱ्यावर शिक्षा लादू नये. आणि शासनाने कोणत्याही एका श्रद्धेचा नियम उचलून त्याचा कायदा करण्याआधी, ज्यांना तो पाळायचा आहे त्यांच्या ग्रामसभेचे म्हणणे ऐकावे. मोरवडच्या आरतीचा खरा वारसा तोच आहे.

तुझा,
मामा