वजन पुढे

गुलमर्गला स्कीचे बूट चढवणं हाच सकाळचा पहिला व्यायाम. कडक प्लास्टिकचा सांगाडा, वर बक्कलं. पाय आत शिरता शिरत नाही आणि एकदा शिरला की घोटा हलत नाही. तो हलू नये यासाठीच ही सगळी रचना, कारण घोट्यातून सुटलेला जोर स्कीपर्यंत पोचत नाही. मोज्यांचे दोन जोड घाला, असं पुण्याहून निघताना झाडून सगळ्यांनी सांगितलं होतं. शिक्षक म्हणाला, एकच. दुसऱ्याच्या चुण्या पडतात, पाऊल आवळलं जातं, रक्त नीट खेळत नाही आणि बोटं उलट जास्त गारठतात. आमच्या ग्रुपमधल्या बँकेतल्या काकांनी मुकाट्याने एक जोड काढून खिशात कोंबला. वहिनींनी काढला नाही. दुपारी काढला.

*

भाड्याच्या दुकानात उंची, वय आणि वजन विचारतात. वजन विचारलं की ग्रुपमध्ये एकदम शांतता. एकीने पाच किलो कमी सांगितलं, तिच्या नवऱ्याने तिथल्या तिथे दुरुस्त केलं, आणि त्या दोघांचं चहापर्यंत बोलणं बंद.

पण दुकानदाराच्या चौकशीला कारण होतं. बुटाला स्कीवर धरून ठेवणारी जी कळ असते, बाइंडिंग, ती या आकड्यांवरून लावतात. पडताना ठरावीक जोर आला की तिने बूट सोडला पाहिजे, नाहीतर लांबलचक स्की तरफेसारखी फिरते आणि गुडघा पिळवटून काढते. वजन कमी सांगितलं तर बूट नको तेव्हा सुटणार, फुगवून सांगितलं तर हवा तेव्हा सुटणार नाही. दुकानदाराने स्क्रू फिरवून बारीक खिडकीतला काटा लावला, बुटाला दणका देऊन पाहिला, मग पुढच्याला हाक मारली.

*

गुलमर्ग साधारण 2,650 मीटरवर. आपलं कळसूबाई 1,646. म्हणजे बूट घालून नुसतं वाकलं तरी दम लागतो तो वयामुळे नाही. (थोडा वयामुळेही.)

*

आमच्यात पक्के ट्रेकर तिघं. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड, पावसाळ्यात, रात्री, कसेही. बर्फात हे पुढे असणार आणि बाकीचे लोळणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. झालं उलटं. सगळ्यात जास्त तेच पडले, आणि सगळे पाठीवर.

सह्याद्रीतल्या घसाऱ्यावरून उतरताना शरीर एक गोष्ट पक्की शिकतं: टाचा रोव, मागे बस, फारच वाटलं तर सरळ बूड टेक. वर्षानुवर्षं याच सवयीने जीव सांभाळलेला असतो. स्कीवर हीच सवय घात करते. वजन मागे गेलं की स्कीची पुढची टोकं हलकी होतात, बर्फ धरत नाहीत, वळत नाहीत, आणि स्की माणसाला सोडून पुढे पळते. वेग वाढला की भीती वाढते, भीती वाढली की माणूस आणखी मागे झुकतो. उपाय एकच: नडगी बुटाच्या जिभेवर दाबायची, गुडघे वाकवायचे, छाती दरीकडे. ज्या बाजूला पडायची भीती, त्याच बाजूला कलायचं.

शिक्षक टंगमर्गचा, विशीतला. दिवसभर त्याचं पालुपद, "वजन आगे, सर. आगे." सर हात पुढे करत, मान पुढे काढत. वजन तिथेच, मागे.

*

शाळकरी मुलं दोन तासांत घसरू लागली. त्यांना पाडायला उंची नाही आणि लाजायला वयही नाही. तू खाली पाहतेस म्हणून पडतेस, असं एका पोरीने आपल्या मावशीला समजावलं. बरोबर होतं तिचं.

*

थांबण्याची युक्ती पहिल्यांदा शिकवतात. स्कीची टोकं जवळ, मागची शेपटं लांब, आतल्या कडा बर्फात. स्नो प्लाउ म्हणतात, इथली मुलं "पिझ्झा" म्हणून ओरडतात. स्कीला धातूची कड असते. ब्रेक म्हणजे तीच. ऑस्ट्रियातल्या आर्लबर्ग भागात हान्नेस श्नायडर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे शिक्षण पायरीपायरीने बांधलं: आधी हा पिझ्झा, मग त्यातूनच वळण, मग स्की समांतर. शिकणाऱ्यांचे वर्ग पाडायचे, एकेका वर्गाला एक शिक्षक. उतारावर आमची जी रांग उभी असते, काका, वहिनी, दोन इंजिनिअर, तिचं मूळ तिथे.

*

पडणं सोपं. उठणं हा खरा धडा. उताणं पडलेल्या माणसाच्या दोन स्की दोन दिशांना असतात आणि काठी तिसरीकडे. आधी पाय हवेत उचलून स्की उताराच्या खालच्या बाजूला आणायच्या. मग त्या उताराला आडव्या, म्हणजे उठता उठता पळत नाहीत. मग वरच्या अंगाला बर्फात हात रोवून, ढुंगण स्कीवर आणत, उभं. यातली एक पायरी गाळली की पुन्हा पहिल्यापासून. वहिनी तिसऱ्या पायरीशी अडायच्या. मदतीला गेलेले काका घसरून त्यांच्यावरच आले आणि वहिनी म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही लांबच बरे." शेवटी एक स्की काढून उठायचं त्यांना आपलं आपणच सुचलं. शिक्षकाने मान्यतेची मान डोलावली.

*

स्की कुणी उचलायच्या, यावर मात्र ग्रुप फुटला. दुकानापासून उतारापर्यंत चालत जावं लागतं, आणि वाटेत उचलायला तयार माणसं उभी असतात. "आपली आपण उचला, तोल तिथूनच येतो," शिक्षकाचं मत. "चार पैसे मिळू द्या की त्यांना," काकांचं. मला दोन्ही पटलं, आणि मी माझ्या उचलल्या. स्लेजवर बसून दुसऱ्याकडून ओढून घेणं मात्र मला जमलं नाही. वर बसलेल्यांना ते खुशाल जमतं, हेही पाहिलं.

ओझी उचलणाऱ्यांची, स्लेज ओढणाऱ्यांची ही कमाई हिवाळ्यापुरतीच. चिल्ले कलान, 21 डिसेंबरपासूनचे कडाक्याचे 40 दिवस, हा काश्मीरच्या हिवाळ्याचा कणा. बर्फ येतं ते पश्चिमेकडून येणाऱ्या विक्षोभांबरोबर. ते चुकले की सगळं चुकलं. 2024 च्या जानेवारीत महिनाअखेरीपर्यंत हे उतार मातकट होते. शिक्षक त्याबद्दल बोलताना पहिल्यांदाच बसला.

*

गोंडोला, म्हणजे इथला रोपवे, दोन टप्प्यांत: कोंगडोरी, मग अफरवट, जवळजवळ 3,950 मीटर. ट्रेकरांना वरून स्की करत यायचं होतं. "गोंडोल्यानं जा, फोटो काढा, गोंडोल्यानंच या," शिक्षक. वरचे उतार दाबून सारखे केलेले नाहीत, भुसभुशीत बर्फ कमरेपर्यंत असतं, आणि बर्फाचे थर सुटून कोसळतात. 1 फेब्रुवारी 2023 ला तिथेच हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू गेले. ट्रेकर फोटोवर राजी झाले.

*

ब्रिटिश अधिकाऱ्यांनी 1927 मध्ये इथे स्की क्लब काढला. 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू इथलाच, आरिफ खान. जायंट स्लॅलममध्ये 45 वा. स्लॅलममध्ये शर्यत पुरी झाली नाही. शिक्षक ही दुसरी गोष्ट जास्त आवडीने सांगतो, नेमकं कुणीतरी रडवेलं झालं की.

*

वळायचं तर वजन बाहेरच्या पायावर. डावीकडे जायचंय? उजवा पाय दाबा. तिघांतल्या एका ट्रेकरला हे एका बाजूला जमलं, दुसऱ्या बाजूला काही केल्या नाही. तो फक्त डावीकडे वळतो. कुठूनही सुटला तरी मोठी कमान घेऊन मॅगीच्या टपरीशी पोचतो. टपरीवाला आता विचारत नाही. तो वरून निघालेला दिसला की पातेल्यात पाणी चढवतो.