ट्रंपेटचा षड्ज

मुरलीपुऱ्यातील माझ्या घरापासून सीकर मार्ग फारसा दूर नाही. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्राकडे जाणाऱ्या मालमोटारींचा आवाज रात्री उशिरापर्यंत येत राहतो, आणि तो जरा ओसरला म्हणजे मी माझे काम पुढ्यात घेतो. काम म्हटले तर नकलनविसाचे. जॅझ संगीताच्या स्वरलिप्यांचा एक मुक्त संग्रह काही हौशी माणसे मिळून सिद्ध करीत आहेत. त्यांतील जुने हस्तलिखित कागद वाचून ते संगणकावर उतरविण्याचा वाटा मी उचलला आहे. ज्याचे आयुष्य मराठीच्या अध्यापनात गेले आणि ज्याचा कान हार्मोनियमच्या पलीकडे क्वचितच गेला, त्याने या भानगडीत का पडावे, असा प्रश्न घरातूनच विचारला गेला. मुरलीच्या नावाने वसलेल्या वस्तीत ट्रंपेटचे कागद घेऊन बसण्यातला विनोद शेजाऱ्यांच्याही ध्यानात आलाच.

कागद मडगावच्या एका बाईंचे. त्यांचे वडील मुंबईच्या नृत्यवाद्यवृंदांतून ट्रंपेट वाजवीत. लिऑन ॲबे या अमेरिकन कृष्णवर्णी वादकाचा वृंद 1935 साली ताजमहाल हॉटेलात आला आणि मुंबईला जॅझची प्रत्यक्ष ओळख झाली. ते संगीत उचलून धरण्याची तयारी गोव्याच्या मुलांत आधीपासूनच होती, कारण तिथल्या चर्चच्या शाळांतून त्यांना कागदावरचा स्वर पाहून गाण्याचे आणि व्हायोलिनचे शिक्षण मिळालेले असे. फ्रँक फर्नांड, हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट ही त्याच वाटेची माणसे. चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्रांचे साहाय्यक झाले. पुणतांब्याचे चितळकर आणि हळदोण्याचे वाझ यांच्या संगतीतून 1951 च्या ‘अलबेला’मध्ये काय उतरले, हे मराठी माणसाला मी सांगायला नको. परंतु या वादकांनी लिहिलेले कागद? ध्वनिमुद्रण झाले की त्यांचे काम संपे. कित्येक रद्दीत गेले. बाईंच्या वडिलांनी आपले कागद बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले, म्हणून ते राहिले.

जॅझचा कागद दिसायला दरिद्री असतो. पाच रेघांवर एकच स्वरावली आणि तिच्यावर स्वरसंघातांची नावे, एवढेच. समान लांबीचे लिहिलेले दोन स्वर वाजविताना एक लांब, एक आखूड होतो. गांधार कोमल लिहावा तर तो शुद्धाकडे झुकतो, शुद्ध लिहावा तर खाली घसरतो. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेतील चीज पाहून ज्याने गाण्याचा प्रयत्न केला आहे त्याला ही अडचण परकी वाटणार नाही. जयपूरच्या मुहंमद अली खाँ आणि आशिक अली या पितापुत्रांच्या कंठातल्या चिजाही भातखंड्यांनी अशाच उतरवून घेतल्या. एका माणसाचे धन सर्वांच्या हाती द्यावयाचे म्हणजे त्यातले काही सांडणार, हे त्यांना ठाऊक नव्हते असे मला वाटत नाही.

1970 च्या दशकाच्या मध्यास बॉस्टनमधील संगीताच्या विद्यार्थ्यांनी असाच एक संग्रह चोरून छापला. मूळ कर्त्यांना कवडी दिली नाही. त्यात चुका होत्या, आणि पुस्तक इतके पसरले की पुढची पिढी त्या चुकाच प्रमाण मानून वाजवू लागली. त्याची कायदेशीर आवृत्ती 2004 साली निघाली. भांडारकर संस्थेत महाभारताचे पाठभेद 1919 पासून 1966 पर्यंत ज्यांनी तोलले, त्यांना या हकिकतीत नवल वाटले नसते. आमच्या मुक्त संग्रहात निदान प्रत्येक दुरुस्ती आणि दुरुस्त करणाऱ्याचे नाव मागे राहते. चूक कोणाची, हे लपत नाही.

माझी लपली नाही. पहिलाच कागद मी जसा होता तसा, एकेक स्वर मोजून उतरविला आणि धन्यता मानली. चार दिवसांनी बाईंचा निरोप आला. भाच्याच्या हाती वडिलांचा ट्रंपेट देऊन त्या स्वतः पियानोवर बसल्या होत्या. “सर, तुमच्या कागदावरून वाजवलं तर मी पप्पांच्या एक सूर वर जाते.” ट्रंपेटचा कागद ऐकू येणाऱ्या नादापेक्षा एक पूर्ण स्वर वर लिहितात, ही प्राथमिक गोष्ट मला माहीत नव्हती. खरे सांगायचे तर ती मला सुचणेच शक्य नव्हते. आमच्या संगीतात गवयाने लावला तो षड्ज. सा कुठे आहे, हे कागदाला विचारण्याची सवयच नाही. सहा दशकांचा माझा कान त्या एका स्वराच्या अंतराला बहिरा होता.

चौदा क्रमांकाच्या कागदाने मात्र आम्हां सर्वांनाच अडविले. बत्तीस मात्राखंडांची स्वरावली. वर ना नाव, ना कर्ता. खालचे स्वरसंघात गर्श्विनच्या 1930 सालच्या एका सुप्रसिद्ध गीताचे आहेत, हे परदेशातील एका सहकाऱ्याने तत्काळ ओळखले. त्याने काही सिद्ध होत नाही. जुन्या रागात नवी बंदिश बांधावी तसे त्या सांगाड्यावर अनेकांनी आपले सूर बांधले आहेत. सूर बाईंच्या वडिलांचे असतील तर आपल्याकडील कायद्याप्रमाणे मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क वारसांचा, आणि बाईंची संमती पुरेशी आहे. ते एखाद्या अमेरिकन तबकडीवरून टिपलेले असतील तर ती संमती निरर्थक, आणि आम्ही बॉस्टनच्या पोरांच्या पंक्तीला बसणार. आम्ही तिघांनी महिनाभर शोधले. जुळणारी स्वरावली सापडली नाही. पण न सापडणे हा पुरावा नव्हे, हे संशोधन-पद्धतीच्या तासाला मी स्वतःच किती वेळा बजावले असेल!

मी बाईंना म्हटले, “नाव घालू या. ज्यांचे नाव कुठेच लागले नाही, त्यांचे एकदा तरी लागू दे.” माझ्या या उदारपणात थोडा साहित्यिक मोह होता, हे आता कबूल करतो. बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “घालू नका, सर. त्यांचं असतं तर त्यांनी घातलं असतं. नि नसेल, तर पप्पा दुसऱ्याचं घेणारे नव्हते.” पहिल्या वाक्याशी मी वाद घालू शकलो असतो. त्या वृंदांतल्या माणसांना स्वतःचे नाव लिहिण्याची सवय कुणी लावली होती? मी वाद घातला नाही.

संग्रहाबाहेर, आम्हां तिघांपुरता, तो कागद मी उतरवून ठेवला आहे, या खेपेस एक स्वर खाली. कर्त्याचा रकाना कोरा आहे. ‘हस्ताक्षर’ असा एक वेगळा रकाना मी जोडला आणि तिथे त्यांचे नाव आहे. सतराव्या मात्राखंडावर त्यांनी शिसपेन्सिलीने एक छोटा स्वल्पविराम काढलेला आहे: श्वास घेण्याची जागा. स्वरलिपीच्या दृष्टीने तो गाळला तरी चालते. मी गाळला नाही.