आकडा तोच, दिसतो वेगळा

माझं घर हातखंबा तिठ्याजवळ आहे. मुंबई-गोवा महामार्गावरून रत्नागिरीला जायचा रस्ता फुटतो, तिथे. मी घरूनच काम करतो. आजीने विचारलं, ‘करतोस तरी काय?’ मी म्हटलं, ‘यंत्रांचे आकडे माणसांना कळतील असे दाखवतो.’ ती म्हणाली, ‘म्हणजे सातबाऱ्यासारखं?’ आमच्या घरात जमीन गुंठ्यांत बोलली जाते, सातबाऱ्यावर ती हेक्टर-आरमध्ये असते. जमीन तेवढीच.

कंट्रोल नेटवर्कमध्येही असंच चालतं. लॉनवर्क्स हे असंच एक नेटवर्क. इमारतीतले एसी, दिवे, पंखे त्यावर एकमेकांशी बोलतात. खोलीत २५.५ अंश सेल्सिअस असेल, तर त्यातल्या तापमानाच्या एका प्रकारात तारेवरून २५५० हा पूर्णांक जातो. एकेक एकक म्हणजे अंशाचा शंभरावा भाग. स्क्रीनवर २५.५ सेल्सिअस दिसणार की ७७.९ फॅरनहाइट, हे डिस्प्ले फॉरमॅट ठरवतो.

गडबड होते ती फरक दाखवताना. खोली हवी त्यापेक्षा २ अंश सेल्सिअसने गरम असेल, तर फॅरनहाइटमध्ये तो फरक ३.६ अंशांचा. नेहमीचा फॉरमॅट लावला की त्यात ३२ मिळवले जातात आणि स्क्रीनवर येतं ३५.६! म्हणून फरकासाठी वेगळा, ३२ न मिळवणारा फॉरमॅट असतो. तो आपल्यालाच निवडावा लागतो. नेटवर्क तक्रार करत नाही, कारण तारेवरचा आकडा बरोबरच असतो.

याच प्रकारात ३२७६७ या आकड्याचा अर्थ ‘वाचन उपलब्ध नाही’ असा आहे. नुसता दशांश लावला तर ३२७.६७ दिसेल, आणि ते चूक आहे हे कोणालाही कळेल. पण ‘विचित्र दिसतं, तिथे शून्य दाखवा’ असं सांगणारे भेटतात, तेव्हा मी अडून बसतो. कोल्ड स्टोरेजमध्ये शून्य अगदी खरं वाटतं.

माझे बाबा मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये रात्रपाळी करायचे. मी त्यांना विचारलं, ‘बाबा, सेन्सर बंद पडला तर स्क्रीनवर काय दिसलेलं चालेल?’

ते म्हणाले, ‘कळत नसेल तर कळत नाही असं लिही. मी उठून दार उघडून बघेन. शून्य दिसलं तर चहा प्यायला जाईन.’

त्या चौकटीत मी आता ‘वाचन नाही’ असं लिहितो. मराठीत, मोठ्या अक्षरात.