दुसरे नेमणूकपत्र

नोकरी मिळत नाही ही चिंता आपल्या समाजाला जुनी आहे. एक नोकरी हाती असता तिच्याहून चांगली दुसरी नोकरी दाराशी येऊन उभी राहावी, ही चिंता त्या मानाने नवी म्हटली पाहिजे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी देवळाची सेवा काय किंवा भाटकाराकडची कारकुनी काय, पुष्कळदा बापाकडून मुलाकडे चालत येई. त्या व्यवस्थेत सर्वांना न्याय मिळे असे नाही. पण निवडीचा प्रश्नच सहसा उद्भवत नसे. हल्लीचा उमेदवार एकाच महिन्यात बेळगाव, पुणे, बडोदे, हैदराबाद अशा चार ठिकाणी मुलाखती देतो, पहिले पत्र येताच रुजू होतो आणि महिना-दीड महिन्याने दुसरे पत्र त्याचा शोध घेत येते. वकिलाच्या टेबलावर अशी पत्रे आता वरचेवर येऊ लागली आहेत. त्यांच्याबरोबर येणारा प्रश्न ठरलेला असतो: ‘‘मला जाता येईल का?’’ त्याच्या आड दुसरा एक प्रश्न असतो: ‘‘मी जावे का?’’ पहिल्याचे उत्तर कायद्यात सापडते. दुसऱ्याचे ज्याचे त्यालाच शोधावे लागते.

कायदा या बाबतीत बराच उदार आहे. मनाविरुद्ध कोणाकडूनही सेवा करून घ्यायची नाही, हे त्याचे जुने धोरण. १८५२ साली लंडनमध्ये योहाना वाग्नर नावाच्या विख्यात गायिकेचा खटला गाजला. एका नाट्यगृहात तीन महिने, आठवड्यातून दोन रात्री गाण्याचा करार तिने केला होता. पुढे दुसऱ्या नाट्यगृहाने अधिक रक्कम देऊ केली आणि ती तिकडे वळली. न्यायालयाने सांगितले, की पहिल्या ठिकाणी गाच, असा हुकूम आम्ही देऊ शकत नाही. मात्र कराराच्या मुदतीत दुसरीकडे गाण्यास मनाई करू शकतो. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याचे सत्ताविसावे कलम कोणाच्या व्यवसायाला बांध घालणारा करार निरर्थक ठरवते. तरीही १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात मर्यादित मनाई उचलून धरली. कल्याणच्या एका रेयॉन कारखान्यातील पर्यवेक्षकाने पाच वर्षांचा करार केला होता. खास प्रशिक्षण घेऊन तो दीड-पावणेदोन वर्षांतच अधिक पगारावर कोट्याच्या कारखान्यात गेला. कराराची मुदत संपेपर्यंत त्याने तसलेच काम दुसरीकडे करू नये, ही अट न्यायालयाने मान्य केली. अलीकडे, २०२५ च्या मे महिन्यात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास बँकेला दोन लाख रुपये द्यावेत, ही विजया बँकेच्या नेमणुकीतील अटही सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली. मधेच सोडून गेलेल्याची जागा भरण्यास सरकारी बँकेला पुन्हा जाहीर भरतीचा सारा खटाटोप आणि खर्च करावा लागतो, हे त्यामागचे एक कारण होते.

हे निकाल नीट वाचले म्हणजे ध्यानात येते, की जाणाऱ्याला जखडून ठेवणे हा न्यायालयाचा हेतू नाही. त्याच्या जाण्याचा भार कोणावर पडतो, एवढेच ते मोजते. माझ्या मते घरात बसून निर्णय घेणाऱ्यानेही हेच माप हाती घ्यावे. पगाराच्या आकड्याचे माप त्यानंतर.

पण त्याहीआधी एक गोष्ट तपासावी लागते. आपण पहिली नोकरी कशासाठी धरली होती, आणि दुसऱ्या पत्रात ते आहे का? सनद घेतल्यावर मी एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली उमेदवारी करू लागलो. दोन महिने होतात न होतात तोच एका कंपनीच्या कायदा विभागातून बोलावणे आले. तेथे पगार ठरलेला, महिन्याच्या महिन्याला मिळणारा. इकडे वकीलसाहेब हातावर ठेवतील ती रक्कम. मी गेलो नाही. यात कोणी त्याग शोधू नये. मला न्यायालयात उभे राहून बोलण्यास शिकायचे होते आणि त्या पत्रात नेमके तेवढे नव्हते.

याच कसोटीला माझ्या भाच्याच्या बाबतीत उलट उत्तर आले. यंत्रशास्त्राची पदवी घेऊन तो बेळगावच्या उद्यमबागेत एका लहान ओतकाम-कारखान्यात लागला होता. त्याची ओढ यंत्रांच्या आराखड्यांकडे, आणि काम मिळाले होते भट्टीवरच्या देखरेखीचे. रुजू होऊन चाळीस दिवस झाले असतील, तोच पुण्याहून पत्र आले. काम आराखड्यांचे, पगार दीडपट. घरी वडील निवृत्त झालेले, शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते सुरू. अक्काने कुलदेवतेला कौल लावला. पाकळी उजवी पडली. चवथीच्या रजेवर घरी आलेला भाचा मला म्हणाला, ‘‘मामा, आता परत जातच नाही. इथूनच एक पत्र टाकतो. कायद्याने ते माझे काय करणार?’’

मी त्याचे नेमणूकपत्र मागून घेतले. परिवीक्षेच्या काळात कोणत्याही बाजूने पंधरा दिवसांची सूचना द्यावी, असे त्यात लिहिले होते. मी म्हणालो, ‘‘काही करणार नाहीत. फार तर पंधरा दिवसांचा पगार मागतील. पण तुला ठेवताना त्यांनी दुसऱ्या कोणाला तरी नको म्हटले असेल. तो अजून मोकळा आहे की नाही, हे तू कधी सांगतोस यावर अवलंबून आहे.’’ अक्का म्हणाली, ‘‘देवाने उजवा प्रसाद दिला, मग आता कसला विचार?’’ मी म्हटले, ‘‘अक्का, आपण देवाला विचारले ते जावे की राहावे एवढेच. कसे जावे, हे आपल्यावर सोपवलेले आहे.’’

भाचा परत गेला आणि पहिल्याच सकाळी मालकांसमोर उभा राहून त्याने सारे सांगितले. मालक रागावले, दोन शब्द कडक बोलले. मग त्यांनी त्या वेळच्या उमेदवारांची यादी काढून दुसऱ्या मुलाला फोन लावला. तो अद्याप घरीच बसून होता. आठवड्याच्या आत तो रुजू झाला आणि उरलेल्या दिवसांत भाच्याने त्याला भट्टीवरचे काम समजावून दिले. पुण्याच्या कंपनीला तो सात दिवसांत हजर व्हायला हवा होता; त्याने पंधरा दिवसांची अट कळवली, तेव्हा त्यांनीही वाट पाहिली. मी त्याला आधीच सांगून ठेवले होते, की पहिल्या ठिकाणचा शब्द मोडून ये म्हणणारा मालक तुझ्या शब्दाची किंमत पुढेही तेवढीच करील.

यावर तरुण मंडळी विचारतात, मालक एका ओळीच्या पत्राने आम्हाला घरी पाठवतो, मग निष्ठेची अपेक्षा आमच्याकडूनच का? प्रश्न रास्त आहे. परिवीक्षा म्हणजे दोन्ही बाजूंनी पारखण्याचा काळ. त्यात जाणे हा विश्वासघात नव्हे, आणि वडीलधाऱ्यांनी मुलांना तसे ऐकवू नये. दीडपट पगाराने एका घराचे कर्ज फिटत असेल, तर त्या पगाराला लोभ म्हणणेही अन्याय्य आहे. परंतु हजारो माणसांच्या कंपनीतून एक उठून गेला तर ती जागा सहज भरते. पाच-सात माणसांच्या कारखान्यात कोणी न सांगता उठून गेला तर त्याचे काम दुसऱ्याच्या पाठीवर चढते. सूचनेची मुदत दोन्हीकडे सारखीच लिहिलेली असली, तरी तिचे ओझे सारखे नसते.

म्हणून दुसरे पत्र हाती घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी पहिले पत्र पुन्हा वाचायला लावतो. बंधपत्र आहे का, सूचना किती दिवसांची, आपल्याला शिकवण्यात त्यांनी काय वेचले, आपल्यासाठी कोणाला परत पाठवले. एवढे वाचून झाल्यावर जायचे ठरलेच, तर त्याच दिवशी, समोर जाऊन सांगावे. उशिरा सांगितल्याने आपला काही लाभ होत नाही. आपल्यामुळे परत गेलेल्या दुसऱ्या एखाद्या मुलाची नोकरी मात्र हुकते.