घटीचा हिशेब

एस्प्रेसो म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर लग्नाचा मांडव येतो. वाफेने फसफसलेले दूध आणि वर भुरभुरलेली चॉकलेटची पूड! खरी एस्प्रेसो ही तिची लांबची नातलगही नव्हे. हे मला बेळगावात नव्हे, तर सुरतेजवळच्या कामरेजला कळले, आणि त्या शिक्षणाची फी पडली ५६० रुपये.

गेल्या मे महिन्याच्या सुटीत मी मामाकडे गेलो होतो. कामरेज एके काळी बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यात होते. आज ते महामार्गावरचे गजबजलेले गाव आहे. तिथल्या एका छोट्या कॉफी शॉपच्या शेठशी मामाची चांगली घसट. शेठ तयार मिश्रणाचे भाजलेले दाणे ९०० रुपये किलोने घेत आणि रोज कुरकुरत. २०२४ मध्ये व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये पाऊस रुसला, त्याचा चटका कामरेजच्या चौकापर्यंत पोचला होता. मी कर्नाटकातला म्हणताच शेठना वाटले, आमच्या परसातच कॉफी पिकते. "शेठ, बेळगावचा कुंदा. कॉफी चिकमगळूरची," मी खुलासा केला. पण कॉमर्सचा विद्यार्थी तेवढ्यावर कसा थांबणार? "मी तुम्हांला स्वस्त मिश्रण करून देतो," असे बोलून बसलो.

माझी शाळा मराठी, पण गल्ली कन्नड. ते कन्नड इथे कामी आले. चिकमगळूरच्या एका भट्टीवाल्याला फोन केला, नमुने मागवले आणि आठवडाभर शेठच्या यंत्रावर प्रयोग चालले. १८ ग्रॅम पूड, नऊ पट हवेच्या दाबाचे गरम पाणी, पंचवीस-तीस सेकंद. एवढ्यात कपात जे उतरते ती एस्प्रेसो. नुसती अरेबिका सुगंधी खरी, पण दूध-साखर पडताच तिचा आवाज बसतो. नुसता रोबस्टा घशाला कडू लागतो, मात्र त्याचा दाट तपकिरी साय धरण्याचा गुण मोठा. त्याच गुणासाठी इटलीवाले आपला रोबस्टा नेतात. शेठच्या दहांतली नऊ गिऱ्हाइके दुधाची कॉफी पिणारी. शेवटी ७० टक्के रोबस्टा आणि ३० टक्के अरेबिका यावर सर्वांचे एकमत झाले.

मग हिशेब. ७ किलो रोबस्टा ४०० ने, ३ किलो अरेबिका ६०० ने, मिळून ४६०० रुपये. भाजणावळ ६००, पाकिटे आणि पार्सल ४००. एकूण ५६००. भागिले दहा, ५६० रुपये किलो. त्यावर ४० रुपये नफा. "६०० ने देतो," मी ऐटीत सांगितले. पैसे आईकडून मागवले. ते माझ्या पुढच्या सत्राच्या फीसाठी बाजूला ठेवलेले होते.

पार्सल आले. शेजारच्या किराणा दुकानात वजन केले तर ८ किलो ४०० ग्रॅम! मी संतापून फोन लावला. पलीकडून शांतपणे उत्तर आले, "नीरु होयतु, तम्मा." पाणी गेले, बाळा. कच्च्या दाण्यात पाणी असते, भट्टीत ते उडते आणि दाणा हलका होतो. म्हणजे माझा माल किलोला ५६० नव्हे, ६६७ रुपयांना पडला होता. 'नॉर्मल लॉसचा खर्च उरलेल्या मालावर बसतो' हे मी परीक्षेत लिहिले होते, मार्कही मिळवले होते. पण त्या उदाहरणातले 'प्रोसेस ए' म्हणजे एखादी खरी भट्टी असू शकते, हे कधी डोक्यात आले नव्हते.

त्या किराणा दुकानातच एकाने तोड सुचवली, "दळून दे आणि वर दीड किलो चिकोरी घाल. वजन भरेल, तोटा भरेल, कुणाला कळणार?" चिकोरी तर गुजरातेतच पिकते. मी मनातल्या मनात भावही काढला. रात्री भीत भीत मामाला विचारले. तो जेवता जेवता एवढेच म्हणाला, "घाल की. चिकोरी घालणं काही गुन्हा नाही. फक्त पाकिटावर टक्के लिहायचे असतात. लिहिशील?"

घास माझ्या हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी शेठना सगळे सांगितले. ते हसले आणि यंत्राखालचे भांडे दाखवले. रोज सकाळी दळण जुळवताना दोन-तीन कप त्यात ओततात. "ही घट माझी. मी कुणाकडून वसूल करू?" असे म्हणून ते पुढे म्हणाले, "पण भाव तू ६०० बोललास. बोल्या एटले बोल्या." त्यांनी ५०४० रुपये मोजून दिले. पुढचा माल ७२० ने घ्यायचे मात्र कबूल केले. ९०० पेक्षा तो त्यांनाही परवडतोच.

आईला ५६० रुपये कमी पाठवले. तिने कारण विचारले. म्हटले, "पाणी उडालं." तिला वाटले, मी थट्टा करतो आहे. मग तिला सगळा हिशेब कागदावर मांडून पाठवला. या खेपेला घटीच्या रकान्यासह.